मुलांसाठी चित्रांचे जाडजूड ज्ञानकोश: अजून घ्यावेत का?

शाहूपुरीची_सई
मंडळी, जरा सल्ला हवाय. मुलगा आता चौथीत, मराठी माध्यम, आणि घरात दिवसभर "का" आणि "कसं" चालू असतं. शार्कचे दात पडले तर परत येतात का, जहाज लोखंडाचं असून बुडत कसं नाही, मुंगीला हाडं असतात का. मोबाईलवर विचारलं की उत्तर मिळतं हो, तक्रार ती नाही. पण उत्तर संपलं की आपोआप दुसरा व्हिडिओ सुरू होतो आणि शार्कच्या दातांवरून निघालेलं पोरगं थोड्या वेळानं कुणीतरी खेळण्याचा खोका उघडतंय ते बघत बसलेलं असतं. शार्क राहिला कुठंतरी मागं.
म्हणून डोक्यात आलंय की ते मोठे, रंगीत चित्रांचे छापील ज्ञानकोश मिळतात ना, त्यातला एक घ्यावा. आमच्या ह्यांचं म्हणणं, हजाराच्या पुढं पैसे घालवायचे आणि चार दिवसांनी ते पुस्तक इस्त्रीचे कपडे दाबायला वापरायचं. मला मात्र वाटतं की पोरगं पान उलटताना जे वाटेत भेटतं त्यात खरी गंमत आहे. कुणाचा अनुभव आहे का? आणि इंग्रजी घेऊन उपयोग होईल का, की मराठीच बघू?

गंगावेसकर
घ्या. डोळे झाकून घ्या.

पेठेतला_पोरगा
डोळे झाकून घेतल्यावर चित्रं कशी दिसणार वो काका :)

हिशेबनीस
मी विरोधी पक्षात. आमच्या वडिलांनी ऑफिसात आलेल्या एका विक्रेत्याकडून हप्त्यावर अख्खा सेट घेतला होता, सोनेरी अक्षरांचे पुठ्ठे, बघून छाती दडपावी असा. तो हॉलमधल्या काचेच्या कपाटात गेला आणि कपाटाची किल्ली आईच्या जुडग्यात. पुस्तक हवं असेल तर आधी हात धुवायचे, मग टॉवेलला पुसायचे, मग सतरंजीवर बसून आईच्या देखत बघायचं. पाहुणे आले की मात्र कपाट सताड उघडं. आम्ही भावंडांनी तो सेट खऱ्या अर्थानं बघितला तो दिवाळीच्या साफसफाईत, आणि तेव्हाही "वाचत काय बसलायस, फडकं मार" असं ऐकून.
आणि एक साधी गोष्ट. ब्रिटानिका हा इंग्रजी ज्ञानकोश १७६८ साली एडिंबरात सुरू झाला, एवढी मोठी परंपरा, तरी २०१० ची ३२ खंडांची आवृत्ती शेवटची ठरली आणि २०१२ मध्ये त्यांनीच जाहीर केलं की आता छापणार नाही. ज्यांचा धंदा तो, त्यांनी दुकान आवरलं, आपण कशाला गिऱ्हाईक व्हायचं?

गंगावेसकर
किल्ली आईच्या जुडग्यात असेल तर दोष ज्ञानकोशाचा कसा?

अनुराधा_के
गंगावेसकरांना +१. आमच्या घरी नियम उलटा आहे, पुस्तक जमिनीवरच पडलेलं असतं. त्याच्यावर चहाचा डाग आहे, एका पानावर वरणाचा आहे, आणि बेडकाच्या पानाचा कोपरा धाकट्यानं खाल्लाय. कधीच कपाटात गेलं नाही म्हणूनच वापरलं गेलं.
सई, चित्रांबद्दल थोडं सांगते, कारण सगळी चित्रांची पुस्तकं एकसारखी नसतात. डॉर्लिंग किंडर्सली म्हणून लंडनचे प्रकाशक आहेत, १९७४ पासूनचे. त्यांनी १९८८ मध्ये एक मालिका काढली त्यात पांढऱ्याशुभ्र पानावर वस्तूचा मोठा, स्वच्छ फोटो आणि भोवती बारीक रेघा ओढून भागांची नावं. मागं झाड नाही, डोंगर नाही, काही नाही. तोवर मुलांच्या पुस्तकात जंगलाचं रंगवलेलं चित्र असायचं आणि त्यात कुठंतरी हरीण शोधायचं. इथं भुंगेरा अख्ख्या तळहाताएवढा तुमच्यासमोर. पायावरची लव दिसते. माझी मुलगी तशा एका पानावर पट्टी घेऊन बसली होती, कारण कडेला बारीक अक्षरात खरी लांबी दिलेली. तिनं वहीत खऱ्या मापाचा भुंगेरा काढला, तो निघाला नखाएवढा, आणि मग ती सगळ्या पानांवर पट्टी घेऊन फिरली. व्हिडिओत हे होत नाही हो. व्हिडिओ थांबत नाही ना मोजायला.

कॉमर्सवाला
व्हिडिओ पॉज करता येतो ताई.

अनुराधा_के
येतो की. करतं कोण?

दाजीपूर_फिरस्ता
माझी तक्रार वेगळी. ह्या सगळ्या पुस्तकांत ध्रुवावरचं अस्वल आहे, कांगारू आहे, अमेरिकेतला बायसन दोन पानं भरून आहे, आणि आमचा गवा? एक तर नाहीच, नाहीतर कोपऱ्यात तिकिटाएवढा. दाजीपूरच्या अभयारण्यात पोरांना घेऊन जातो तेव्हा हमखास कुणीतरी म्हणतंच, "काका, पुस्तकात तर बायसनच्या मानेवर झुपकेदार केस होते." अरे बाबा तो वेगळा, हा वेगळा, वंशच वेगळा. आपला गवा रानगुरांमध्ये जगात सगळ्यात थोर, अंगावर आखूड चकचकीत केस, पाठीवर उंचवटा आणि गुडघ्यापासून खाली पांढरे मोजे घातल्यागत पाय. परदेशी पुस्तक घ्या पण त्याला आपल्या मुलखाची जोड द्या, नाहीतर पोरांना वाटतं की बघण्यासारखं जे काही आहे ते विमानाच्या पलीकडंच आहे.

पेठेतला_पोरगा
मोजे घातलेला गवा, एक नंबर.
तसं बघाय गेलं तर मिसळीचं पण पान न्हाई त्या पुस्तकात. कटाचा उभा छेद दाखवाय पाहिजे, वर तर्री, मग रस्सा, खाली मटकी, रेघा ओढून नावं.

राजारामपुरी_गल्ली
आणि फरसाण खऱ्या मापात. पट्टी ठेवून.

कॉमर्सवाला
मटकी तळाला असते की मधे यावरच शंभर प्रतिसाद होतील, धागा वाचवा कुणीतरी.

मास्तर_करवीर
धागा वाचवतो. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतो, वर्गात असली दोन-तीन जुनी पुस्तकं आहेत, देणगीत आलेली. हिशेबनीस, तुमचा मुद्दा अर्धा बरोबर. ब्रिटानिका मोठ्यांसाठी होती, बारीक टाइप, माहिती शोधायला उघडायची, आणि शोधायचं काम इंटरनेट जास्त चांगलं करतं, त्यामुळं ती थांबली यात नवल नाही. पण वर्ल्ड बुक म्हणून अमेरिकन आहे, १९१७ पासूनचं, शाळकरी मुलांसाठीचं, ते अजून छापतात. मुलांच्या चित्रकोशाचं काम शोधण्याचं नाहीच मुळी. मुलाला काय शोधायचं हेच माहीत नसतं. मुंगीच्या पानावर आलेल्या पोराला शेजारच्या पानावर कोळी दिसतो आणि तो म्हणतो, ह्याला पाय आठ का? हा प्रश्न त्यानं कुठंही टाइप केला नसता, कारण पाच मिनिटांपूर्वी तो त्याच्या डोक्यातच नव्हता.
दुसरं, मोबाईल एकट्याचा असतो, हे पुस्तक आडवं उघडलं की चार पोरं बसतात. माझ्या वर्गात जहाज मधोमध कापून दाखवलेलं एक पान आहे, खाली इंजिन, वर खोल्या, स्वयंपाकघर, कोळशाची कोठी. त्याच्याभोवती पोरं पोटावर झोपून भांडतात, "हा माणूस कुठं चाललाय", "हा स्वयंपाकी आहे", "नाही, हा पळून चाललाय". मजकूर एकानंही वाचलेला नाही. मी सुरुवातीला वाचा रे, वाचा रे करायचो, आता गप्प बसतो. भांडण मिटवायला शेवटी त्यातलाच एकजण मजकुराकडं जातो.
इंग्रजीबद्दल सईताईंनी विचारलंय. १६५८ साली कोमेनियस नावाच्या शिक्षकानं न्यूरेंबर्गमध्ये मुलांसाठी चित्रांचं पुस्तक छापलं, ऑर्बिस सेन्सुअलियम पिक्टस. प्रत्येक चित्रातल्या वस्तूला आकडा, आणि शेजारी त्याच आकड्यासमोर लॅटिन आणि जर्मन दोन्ही. मुलाला वस्तू ओळखीची, शब्द अनोळखी, आणि वस्तूच्या आधारानं शब्द आत जातो. म्हणजे परक्या भाषेसाठी चित्रकोश ही युक्ती साडेतीनशे वर्षांपेक्षा जुनी आहे. मराठी माध्यमाच्या पोराला इंग्रजी चित्रकोश चालतो, फक्त पहिले काही दिवस शेजारी बसा.

हिशेबनीस
मास्तर, मांडणी चांगली. पण जुन्या पुस्तकाचं काय करायचं? आमच्या सेटमध्ये प्लूटो अजून नववा ग्रह आहे, २००६ ला त्याला बटुग्रहांत टाकला. शनीचे चंद्र १८ लिहिलेत आणि २०२५ मध्ये आकडा २७४ वर गेला. टायरानोसॉरस कांगारूसारखा ताठ उभा, शेपटी जमिनीवर ओढत. चुकीचं शिकवायचं का पोरांना?

मास्तर_करवीर
तेच तर सोनं आहे माझ्याकडं. आम्ही चुका शोधायचा खेळ खेळतो. पोरं जुन्या पुस्तकातली शिळी माहिती हुडकतात, माझ्या फोनवर ताडून बघतात आणि छोटी चिठ्ठी लिहून पानावर चिकटवतात, खाली नाव आणि तारीख. प्लूटोच्या पानावर चिठ्ठ्यांची गर्दी झालीय. डायनासोरच्या पानावर एका पोरीनं लिहिलंय, "याला आडवा करा, शेपटी वर." तिला मी सांगितलं की १९९६ मध्ये चीनमध्ये पिसांच्या खुणा असलेला लहान डायनासोर सापडला, तर दुसऱ्या दिवशी एका हिरव्यागार प्राण्याला स्केचपेननं पिसं फुटलेली. छापलेलं सगळं खरंच असतं असं नाही, आणि ते का बदललं हे विचारता येतं, एवढं कळलं तरी पुष्कळ. फोनवरची माहिती गुपचूप बदलते, काल काय होतं ते पोरांना दिसतच नाही. छापील पानावर जुनं आणि त्यावर चिकटलेलं नवं, दोन्ही दिसतं.

गंगावेसकर
मास्तर, तुमच्या वर्गात प्रवेश मिळेल का? वय ६४.

पेठेतला_पोरगा
काकांना पयल्या बाकावर बसवा, मागं बसले की घोरत्यात.

कळंबा_वाली
फिरस्ता म्हणाले की आपल्या मुलखाची जोड द्या, त्यावरून आमचं सांगते. आमच्या पुस्तकात धरणाचं एक चित्र आहे, भिंत अर्धी कापून आतलं पाणी, दरवाजे, वीजघर असं दाखवलेलं. पावसाळ्यात आपल्याकडं रोज सकाळी एकच विषय असतो, राधानगरीचे किती दरवाजे उघडले. तर मुलगी म्हणाली, कोण जाऊन उघडतं रात्री? मग सासऱ्यांनी सांगितलं की कुणी जात नाही, राधानगरीचे सात दरवाजे स्वयंचलित आहेत, पाणी ठरावीक पातळीला आलं की दाबानं आपले आपण उघडतात आणि पातळी उतरली की बंद होतात. ती पुस्तकातलं पान घेऊन बसली, "मग ह्या चित्रात माणूस चक्र फिरवतोय तो कशाला?" तिथं दोन प्रकार असतात हे तिला कळलं. शेवटी तिनं स्वतःच एक पान तयार केलं, राधानगरी, मधोमध कापलेलं, रेघा ओढून नावं, शाहू महाराजांचा फेटाही काढलाय धरणाच्या वर कारण "त्यांनी बांधायला घेतलं ना". ते पान धरणाच्या पानाशेजारी टाचणीनं लावलंय. आता पन्हाळ्याचं चाललंय, तिथल्या अंधारबाव विहिरीचे तीन मजले कापून दाखवायचेत म्हणे, त्यासाठी परत पन्हाळ्याला नेलं पाहिजे, म्हणजे पुस्तक स्वस्तात पडलेलं नाही.

दाजीपूर_फिरस्ता
हे लई भारी. तिला गव्याचं पान पण द्या काढायला. पायाचे फोटो मी पाठवतो.

कॉमर्सवाला
एक प्रामाणिक शंका. हे सगळं वाचून वाटतंय की ज्यांच्या घरी आधीच शेजारी बसणारं माणूस आहे, सासरे आहेत, मास्तर आहेत, तिथं पुस्तक चालतं. नुसतं पुस्तक आणून टाकलं तर? आमच्या भाच्याला वाढदिवसाला मिळालं, अजून प्लॅस्टिकचं वेष्टण निघालेलं नाही.

अनुराधा_के
बरोबर शंका आहे. पण बसणारं माणूस म्हणजे शिकवणारं नव्हे. मी भाजी निवडत असते, ती मधेच ओरडते "आई, ऑक्टोपसला तीन हृदयं!", मी म्हणते "बापरे". एवढंच माझं योगदान. आणि वेष्टण आधी फाडा, भाच्याच्या घरी जाऊन तुम्हीच फाडा.

सुतारवाडा_पूर
घेणाऱ्यांना एक व्यवहाराची गोष्ट सांगतो, कारण इथं कुणी बोललं नाही. पुराचं पाणी येतं अशा भागात असाल तर हे पुस्तक खालच्या फळीत ठेवू नका. साधं पुस्तक भिजलं तर फुगतं, वाकडंतिकडं होतं पण वाचता येतं. हे चकचकीत आर्ट पेपरचं असतं, त्या कागदावर मातीचा गुळगुळीत थर दिलेला असतो म्हणून चित्रं एवढी उठून दिसतात, आणि तोच थर ओला झाला की चिकटासारखा वागतो. २०१९ ला आम्ही पाणी उतरल्यावर घरी आलो, पुस्तकं उन्हात मांडली, वाळली आणि चित्रांचं पुस्तक विटेगत झालं. पान सोडवायला गेलं की वाघाचं अर्धं तोंड शेजारच्या पानावर. नंतर कळलं की असलं पुस्तक ओलं असतानाच पानापानात बटर पेपर घालायचा असतो, पूर्ण वाळू द्यायचं नाही. आणि लगेच जमत नसेल तर प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून सरळ फ्रीजरमध्ये टाकायचं, गोठलेलं पुस्तक चिकटत नाही, सवडीनं काढता येतं. अर्थात लाइट असेल तर. पंचगंगा ३९ फुटांच्या इशारा पातळीला आली की आता मी आधी ती फळी माळ्यावर टाकतो, मग गॅस सिलिंडर. बायको म्हणते क्रम बदला.

राजारामपुरी_गल्ली
वहिनींचं बरोबर आहे :)

पेठेतला_पोरगा
सिलिंडर तरंगतंय वो, पुस्तक तरंगत न्हाई. भाऊंचा क्रम बरोबर.

वाई_माहेर
मराठीचं कुणीच सांगेना म्हणून लिहितेय. माझं माहेर वाई, त्यामुळं अभिमान आहेच. मराठी विश्वकोश तिथंच घडला, तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी प्रमुख संपादक, पहिला खंड १९७६ चा, "अंक ते आतुरचिकित्सा". तो आता इंटरनेटवर फुकट वाचता येतो. पण सई, खरं सांगायचं तर चौथीतल्या मुलाच्या हातात तो देऊ नकोस, भाषा जड आहे आणि चित्रं थोडी. तो तू वाच, म्हणजे प्रश्न आले की उत्तर तयार. मुलांसाठी विश्वकोश मंडळानंच कुमार विश्वकोश काढलाय, जीवसृष्टी आणि पर्यावरण असा विषय घेऊन, रंगीत चित्रांसकट, आणि त्यात प्राणी-झाडं आपल्याकडची आहेत. तोही थोड्या मोठ्या मुलांना जास्त जमेल, सहावी-सातवी. शिवाय बालभारतीचं किशोर मासिक आहे, १९७१ पासून चालू, ते तर लगेच लावून टाक. कोल्हापूरहून पुण्याला जाताना कधी पाचवडला आत वळलीस तर कळव, आईच्या हातचं जेवायला घालते.

हिशेबनीस
वाईचं जेवण मिळणार असेल तर मी माझा विरोध स्थगित करतो.

मास्तर_करवीर
विकत घ्यायच्या आधी एकदा वाचनालयात नेऊन बघा ना त्याला. करवीर नगर वाचन मंदिर १८५० पासून आहे आपल्याकडं. संदर्भग्रंथ सहसा घरी देत नाहीत, पण तिथं बसून चाळताना पोरगं कुठल्या पानावर थबकतं ते दिसतं. दसरा चौकात शाहू स्मारकला पुस्तक प्रदर्शनं लागतात तिथंही न्या. आणि निवड त्याला करू द्या, तुम्ही फक्त दोन गोष्टी बघा: छापल्याचं साल आणि मागं सूची आहे का. सूची नसलेली रंगीत पुस्तकं बाजारात भरपूर आहेत, इंटरनेटवरून चित्रं उचलून छापलेली, फोटो धुरकट, एका पानावर वीस चौकोन कोंबलेले. ती वजनावर मिळतात आणि तेवढ्याच लायकीची असतात.

अनुराधा_के
आणि चौथीला सेट नको. एकच जाड खंड पुरे. सेट घेतला की पोरं पहिल्या खंडातच अडकतात, आमच्या शेजारच्या मुलाला "ए" पासून "सी" पर्यंतचं जग तोंडपाठ आहे, पुढं अंधार.

शाहूपुरीची_सई
बापरे, दोन दिवस आले नाही तर इथं जत्रा भरलीय. सगळ्यांचे आभार. ह्यांना पूर्ण धागा वाचायला दिला, त्यांनी फक्त फ्रीजरचा प्रतिसाद लक्षात ठेवलाय. ठरलंय असं: किशोर सुरू करतोय, आणि येत्या प्रदर्शनात एक इंग्रजी एकखंडी, लेक निवडेल तो. आम्ही शाहूपुरीत तळमजल्यावर, त्यामुळं वरच्या फळीचं आत्ताच बघून ठेवलंय. मास्तर, तो चिठ्ठ्यांचा खेळ घरी करायला मला एखादं जुनं, चुकांनी भरलेलं पुस्तक पण हवंय. नव्यावर चिकटवायला जीव होणार नाही.

हिशेबनीस
चुकांनी भरलेलं म्हणता? ३० वर्षांपूर्वीचा अख्खा सेट आहे, प्लूटोसकट. काचेचं कपाट मागच्या वर्षी मोडीत काढलं, खंड कॉटखाली बॉक्समध्ये पडलेत. घेऊन जा, पैसे नकोत.

कॉमर्सवाला
थांबा थांबा, भाच्यासाठी मी पण रांगेत.

मास्तर_करवीर
शाळेचा पहिला हक्क.

हिशेबनीस
वाटून घ्या बाबांनो. शनीचा खंड मात्र मी ठेवून घेतोय, वाढलेल्या २५६ चंद्रांची चिठ्ठी मला स्वतःला चिकटवायचीय. बाकीचे रविवारी सकाळी न्या, दहाच्या आत या, नंतर मी मिसळीला बाहेर पडतो.

पेठेतला_पोरगा
कुठल्या मिसळीला?

कॉमर्सवाला
नको रे, परत सुरू नको करूस.